जागा झाली, असं हे म्हणाले

मला क्षय झाला होता. आमच्या लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. 'तिला ते झालंय' एवढंच म्हणत आणि दाराची कडी ओढून घेत. मी आता तो शब्द मोठ्याने उच्चारते. त्यातून उठलेली बाई गप्प बसली, तर पडलेल्या बाईने कुणाकडे बघायचं?

बायका येतात माझ्याकडे. कुणी देहूरोडकडून, कुणी वराळ्याहून. सुई दुखते का, अंडी खावी लागतात का, पोरांना जवळ घेता येतं का, असं विचारतात. मग जरा थांबून, आवाज उतरवून, खर्च किती आला ते विचारतात. आकडा मी सांगते. पण त्या खर्चापायी आम्हा नवराबायकोत काय झालं ते दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. शाळा चौथीपर्यंतच झाली, वराळ्याहून तळेगावला चालत जाऊन. अक्षर वाईट आहे, पण खोटं लिहिणार नाही.

आमची रीत

हे लोणावळ्याच्या यार्डात सांधेवाले होते. घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं तिथे सुटतात, ती बाजूला काढायला सांधे फिरवायचे. नाव महादेव, सगळे महादूभाऊ म्हणत. गाव सुदुंबरे. माझं माहेर वराळे. एकच मुलगी, काशी, तेव्हा आठ वर्षांची होती.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांनी मला न सांगता एका सोबत्याला बारा रुपये हातउसने दिले. ते परत आले नाहीत. मी भांडले नाही. पुढच्या आठवड्यात कापडवाल्याकडून बारा रुपयांचं लुगडं उधारीवर आणलं आणि ह्यांच्यासमोर नेसून उभी राहिले. आधी हे चिडले, मग हसायला लागले. त्या दिवशी आमचं ठरलं. पगाराच्या दिवशी संध्याकाळी घोंगडीवर दोघांनी समोरासमोर बसायचं. दाणागोटा, सुदुंबऱ्याला सासूबाईंचे, वरखर्च आणि पोस्ट असे चार वाटे करायचे. वाटे झाले की दुसऱ्याला विचारल्याशिवाय एकट्याने पै हलवायची नाही. पोस्टाचं पुस्तक ह्यांच्या नावावर होतं, पण ते राहायचं माझ्या ट्रंकेत. काढायचे तर सही त्यांची आणि पुस्तक माझ्याकडचं, म्हणजे दोघांचं एकमत झाल्याशिवाय पैसा बाहेर येत नसे.

साठवत होतो ते घरासाठी. रेल्वेची खोली नोकरी असेतोवर. सुदुंबऱ्याला तीन भावांत जी वाटणी येणार होती तिच्यात एक गोठाही उभा राहिला नसता. म्हणून तळेगावला स्टेशनापासून जरा आत, कोपऱ्यात लिंबाचं झाड असलेली दोन गुंठ्यांची जागा आम्ही बघून ठेवली. आषाढात मालकाला इसार दिला आणि उरलेली रक्कम गुढीपाडव्यापर्यंत द्यायचं ठरलं. पोस्टात होते त्यात सत्तर रुपये कमी पडत होते.

राख

मी चुलीपुढे बसले होते. खोकला आला, तोंडाला हात लावला आणि हाताला लाल दिसलं. मी हात राखेत पुसला, वर आणखी राख ओढली आणि भाकरी उलटली. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

मग ते पुनःपुन्हा व्हायला लागलं. दुपारी अंग तापायचं, रात्री घामाने अंथरूण ओलं व्हायचं. ह्यांना सांगायची मी पावसाळी खोकला आहे. लोणावळ्याच्या पावसाळ्यात सगळी चाळच खोकते, त्यात माझा खोकला खपून गेला. मनात हिशोब एकच. डॉक्टरकडे गेलं की तो लिहून देतो, आणि लिहून दिलं की ते आणावं लागतं. पाडव्यापर्यंत कसं तरी निभावायचं. एकदा जागा झाली की मग सांगू.

लोकांना वाटतं ही मोठी सोशिक बाई. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. न सांगण्याला पैशाचं कारण होतं, ते फार सोयीचं होतं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

शेजारच्या खोलीत अमिनामावशी राहायच्या. त्यांचे मालक यार्डात बत्तीवाले होते. दिवाळीनंतर एका सकाळी नळावर मला उबळ आली आणि मावशींनी दगडावर पडलेलं पाहिलं. त्यांनी तांब्याभर पाणी ओतून दगड धुतला. मग म्हणाल्या, "कवापासनं?"

"मावशी, कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत. पर उद्या तू, मी आन् महादूभाऊ, तिघं दवाखान्यात जायाचं. नुसता खोकला दाखवायला म्हणून चल."

निदानाचा दिवस

रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे होते. पाठीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग हातातलं ठेवून म्हणाले, "थुंकीतून रक्त पडतं?"

"व्हय. चार दिस झालं," मी म्हणाले.

मावशी दाराशी उभ्या होत्या. "न्हाई साहेब. श्रावणापासनं पडतंय. हिचं लुगडं धुताना मीच बघितलंया, मला वाटलं दुसरं काय असंल. माझं चुकलं."

हे बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी काढली, परत घातली. डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. भिंतीवर औषधाच्या जाहिरातीत एक गुबगुबीत बाळ होतं. ते बाळ मला अजून आठवतं. आत काय बोलणं झालं ते मला दीड वर्षाने कळलं.

परत येताना बाजारातून चालत आलो. हे चार पावलं पुढे. खोलीत आल्यावर म्हणाले, "दोघांनी इचारून करायचं ठरलं हुतं न्हवं?"

"मी कुटं काय खर्चलं?"

"न्हाई कसं? घरात सगळ्यांत म्हाग काय हुतं ते खर्चत बसलीस की, मला न इचारता."

काशी शाळेतून आली, माझ्या मांडीकडे धावली आणि ह्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ती रडली. मीही त्याच वेळी रडले.

अट

तळेगावच्या माळावर क्षयरोग्यांचा दवाखाना होता, तिथे पाठवायचं ठरलं. मी अट घातली. माझी पुतळ्यांची माळ मोडायची आणि त्यात बसतील तेवढे महिने राहायचं. तीन-चार महिने निघतील. पोस्टातलं हलवायचं नाही.

"न्हाई हलवत," हे म्हणाले.

"काशीची आन?"

"आन कशाला? न्हाई म्हणलं न्हवं."

शपथ घेतली नाही, हे मी तेव्हा ऐकूनही ऐकलं नाही. पोस्टाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, कारण दवाखान्यात ट्रंक नेता येत नव्हती. काशीला डॉक्टरांनी तपासलं. ती चांगली होती. ती अमिनामावशींकडे राहिली. माझ्या सासूबाईंना ते पटलं नाही, पण सुदुंबऱ्याहून कोणी तिला न्यायलाही आलं नाही.

खाटा

दवाखान्यात खाटा ओसरीवर असायच्या. थंडी असो, वारा असो, झोपायचं उघड्यावर. सकाळी ताप बघायची काचेची नळी जिभेखाली, मग दूध, मग पडून राहायचं. जेवण, मग परत पडून राहायचं. दुपारी दोन तास बोलायचंही नाही. माझ्यासारख्या बाईला, जिचा दिवस पाणी भरण्यापासून भांडी पालथी घालण्यापर्यंत पायावर जातो, पडून राहणं ही शिक्षा होती. खाटेला झाकणाचं डबडं बांधलेलं असे, त्यात थुंकायचं. ते रोज सकाळी कोणीतरी घेऊन जाई, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होत नसे.

अंडं पहिल्या दिवशी ओकले. चौथ्या दिवशी खाल्लं.

मग सुई. बरगड्यांमधून सुई घालून आत हवा भरतात, म्हणजे बिघडलेलं फुफ्फुस दबून राहतं आणि त्याला विश्रांती मिळते, असं डॉक्टरांनी समजावलं. दुखतं. खोटं सांगत नाही, दुखतं. पण सुईपेक्षा आदल्या रात्रीची वाट बघणं जास्त दुखतं. सुई झाल्यावर माणूस चहा पितो आणि विसरतो.

एक नर्सबाई होत्या, ख्रिस्ती. शनिवारी माझे केस विंचरून द्यायच्या. घरच्या माणसांनी हात लावायचा नाही अशा दिवसांत कोणी डोक्याला हात लावला की काय वाटतं, ते तुमच्यावर वेळ आली तर तुम्हाला कळेल. अशा कोणी भेटल्या तर लाजू नका. करून घ्या.

हे रविवारी यायचे. रेल्वेचा पास होता, म्हणून भाडं पडत नसे. ओसरीच्या खाली, पाच-सहा हातांवर उभे राहायचे. काशी कशी आहे ते सांगायचे. मग मी विचारायची, "पोस्टात किती?"

"हाय तेवढंच."

दर रविवारी "हाय तेवढंच." मला बरं वाटायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर गंगू होती, कार्ल्याकडची. माझ्याहून लहान, हसरी. चौथ्या महिन्यात तिचा नवरा आला आणि म्हणाला, पैसे संपले, घरी चल. ती गेली. जाताना मला म्हणाली, "तुमचं बरंय बाई, तुमच्या घरात समदं ठरवून असतंया." मला त्याचा अभिमान वाटला. तिच्या जाण्याचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी आमच्या रीतीचा अभिमान वाटला. पावसाळ्यात ती वारल्याचं कळलं. तो अभिमान अजून मला टोचतो.

जागा

माघ लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, सुईचा गुण येतोय, पण अजून वर्षभर तरी राहावं लागेल. मी मनात माळेचा हिशोब केला. माळ संपत आली असणार. त्या रविवारी हे आले तेव्हा मी गाठोडं बांधून खाटेवर बसले होते.

"मी येते घरी. पाडवा तोंडावर आला."

हे खाली उभे होते. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाडव्याची वाट कशाला बघायची? जागा झाली."

"म्हंजी?"

"झाली. परवा खरेदी केली. मालक सत्तर रुपयं थांबायला तयार झाला. पोस्टातलं समदं त्यालाच दिलं, आता तितं काय न्हाई. तुला हितनं घरी न्यून बी पैसा वाचत न्हाई."

"आन् हितला खर्च?"

"रेल्वे देतीया. साहेबानं अर्ज मंजूर केला."

मी गाठोडं सोडलं. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. नर्सबाईंनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, आमची जागा झाली.

त्यानंतर मला पडून राहणं जड गेलं नाही. पडल्या पडल्या मी घर बांधलं. दार उत्तरेला. चूल अशी, की धूर खिडकीतून थेट बाहेर जाईल. न्हाणी लिंबाच्या बाजूला, म्हणजे पाणी झाडाला मिळेल. रविवारी ह्यांना सांगायची, आणि हे पुढच्या रविवारी उत्तर घेऊन यायचे. दगड येऊन पडलाय. जोतं झालं. मी विचारलं, "पैसा कुटनं?" तर म्हणाले, "जादा पाळ्या करतोय. थोडं थोडं हुतंय." मी म्हटलं, "दार उत्तरेला घेतलं का?" तर म्हणाले, "मिस्त्री ऐकत न्हाई. पश्चिमेला घेतलं त्यानं." मी आठवडाभर त्या मिस्त्रीला शिव्या दिल्या. चुलीवर खिडकी मात्र घेतली, असं म्हणाले, तेव्हा शांत झाले.

हे वाळत चालले होते ते मला दिसत होतं. घराच्या कामाने वाळले असतील, असं मी समजले.

वैशाख

दीड वर्षाने, वैशाखात मला सोडलं. थुंकी तीनदा तपासली, तीनदा निर्मळ. सुईसाठी पंधरा दिवसांनी यायचं होतं. हे टांगा घेऊन आले. मी नर्सबाईंच्या पाया पडायला गेले तर त्यांनी मला उठवून धरलं.

टांग्यात बसल्यावर मी म्हणाले, "आधी घरावर न्या. मग टेशनावर."

"आज नगं. उनाचा तरास व्हईल."

"दीड वरीस मी वाऱ्यात झोपले. उनाला काय हुतंय?" आणि मीच टांगेवाल्याला सांगितलं, "टेशनापासनं आत, लिंबाचं झाड हाय कोपऱ्याला, ती जागा."

"शेटजींच्या नव्या घराकडं व्हय?" टांगेवाला म्हणाला.

मी ह्यांना म्हणाले, "आपल्या शेजारी कुणा शेटनं बी बांधलं? तुमी बोलला न्हाईत."

हे समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "शेजारी न्हाई," म्हणाले. "तीच जागा हाय."

टांगा तिथवर गेला. घर उभं होतं. कौलं नवी, लाल. दार पश्चिमेला. चुलीवर खिडकी, तिच्यातून धूर बाहेर येत होता. लिंबाच्या सावलीत एक बाई मिरच्या वाळत घालत होती. तिने वर पाहून विचारलं, "कोण पायजे?"

"कोण न्हाई. चुकलो," हे म्हणाले.

टांगा स्टेशनाकडे वळला. तेव्हा हे बोलले. पहिल्या दिवशी, आत, दार लावल्यावर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं: दीड वर्ष लागेल, मध्येच नेलीत तर राहणार नाही. हे दुसऱ्याच आठवड्यात तळेगावला जाऊन मालकाला जागा सोडतो म्हणून सांगून आले. अर्धा इसार परत मिळाला. पुढे ती जागा शेटजींनी घेतली. रेल्वेने काही मंजूर केलं नव्हतं. पोस्टातलं सगळं दवाखान्यात गेलं, ते संपल्यावर जादा पाळ्यांचं गेलं.

"आन् जोतं, दगड, खिडकी?"

"रविवारी गाडीतनं उतरलो की आधी तितं जायाचो. उभा राहून बघायचो किती काम झालं. मग तुला येऊन सांगायचो. खोटं सांगायचं तर बघून तरी सांगावं म्हणलं."

"मला इचारलं का न्हाई?"

"तू न्हाई म्हणली असतीस."

"व्हय. म्हणले असते."

"मग मी काय इचारू?"

टांगेवाला मुद्दाम घोड्याशी बोलायला लागला. मी जे बोलले ते आज लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. मी म्हणाले, "तुमी मला वाचवलं न्हाई. फसवलं. घर बी माझं, जीव बी माझा, आन् सौदा तुमी एकट्यानं केला."



अबोला

चाळीतल्या बायका बघायला आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, भाग्यवान आहेस, असा नवरा सात जन्म मिळत नाही. मी मान हलवायची. मला राग येतोय हे कुणाला सांगणार? जिवंत घरी आलेली बाई, तिला राग कशाचा? पण मी दीड वर्ष ज्या घरात झोपत होते, त्याच्या दारात उभी राहून दुसरी बाई मला कोण पाहिजे म्हणून विचारत होती. गंगूच्या घरापेक्षा आमचं घर वेगळं, अशी जी माझी समजूत होती, ती समजूतही त्या घरातच राहिली होती.

माझी ताटवाटी वेगळी, अंथरूण खिडकीशी वेगळं. त्यात अबोला. काशी आमच्या दोघांमध्ये निरोप न्यायची. "आई म्हनती, डाळ संपलीया." "बा म्हनत्यात, उद्या आणतो." एक दिवस तिने मध्येच थांबून विचारलं, "तुमास्नी बोलाया डाक्टरांनी बंदी घातलीया का?"

अमिनामावशी मात्र भाग्यवान म्हणाल्या नाहीत. एका दुपारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "राग हाय तर हाय. पर महादूभाऊंनी जवा जागा सोडली, त्या दिशी माझ्याकडं येऊन बसलं हुतं. च्या दिला तर पिला न्हाई. म्हनलं, मावशी, अनसूया मेली तर घर कुणासाठी, आन् जगली तर मला सोडायची न्हाई. एवढं बोलून पाळीवर गेलं." मावशींनी हे सांगितलं आणि उठून गेल्या. समजूत घालायला बसल्या नाहीत.

पगाराचा दिवस

पुढच्या पगाराला ह्यांनी घोंगडी घातली नाही. सगळा पगार आणि पोस्टाचं पुस्तक माझ्या अंथरुणापाशी आणून ठेवलं. पुस्तकात चार रुपये होते.

"हितनं पुढं समदं तुझ्याकडं. मी कायबी इचारणार न्हाई," म्हणाले आणि दाराकडे वळले.

मी पैशाकडे बघत राहिले. माझा राग जिंकला होता आणि मला त्यात काही सुख नव्हतं. एकटीने वाटे करायचे, एकटीने जपायचे, आणि समोर मान खाली घातलेला माणूस. असं घर मला नको होतं.

"मला एकटीला नगं," मी म्हणाले. "बसा हितं."

हे बसले, लांबच.

"मला बी एक सांगायचं हाय. मावशी डाक्टरला श्रावण म्हणाल्या, ते खरं न्हाई. त्याच्या आधीपासनं हुतं. ज्येष्ठात पहिलं पडलं."

हे बोटांवर काहीतरी मोजत होते. मग थांबले. "इसार दिला तो आषाढात."

"व्हय."

"तवा तुला ठावं हुतं."

"व्हय. त्या सकाळी बी पडलं हुतं. तोंड धुतलं आन् तुमच्यासंगं तळेगावला आले. त्या लिंबाखाली उभी राहिले तवा वाटलं, मी न्हाई राहिले तर काशीला तरी छप्पर व्हईल."

हे एकदम उठले. मला वाटलं, बाहेर जातील. गेले नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि त्यांची पाठ हलायला लागली. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. जवळ जायची मला डॉक्टरांची मनाई होती. मी लांबूनच म्हणाले, "मी बी तुमाला न इचारता सौदा केला हुता. तुमी केला त्याच्या आधी."

बऱ्याच वेळाने हे घोंगडी घेऊन आले. आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर. दाणागोटा, सुदुंबरे, वरखर्च, सुई. पोस्टाच्या वाट्याला आठ आणे आले. हे म्हणाले, "आठ आणं न्यून टाकू का?" मी म्हटलं, "टाका."

माफी कोणी मागितली नाही. राग त्या दिवशी गेला असंही नाही. शेटजींच्या घरावरून जायची वेळ आली की मी अजून दुसऱ्या रस्त्याने जाते. पण त्या दिवसापासून आम्ही पैशाबरोबर एकमेकांच्या दुखण्याचंही सांगायला लागलो. ह्यांचा गुडघा दुखतो हे मला त्या वर्षी कळलं. सहा वर्षं दुखत होता म्हणे.

आता

घर झालं नाही. लढाईत सगळं महाग झालं. नोकरी संपल्यावर आम्ही तळेगावला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, कारण दवाखाना जवळ. काशीचं लग्न झालं, ती सुखी आहे. मला धाप लागते, पण मी आहे.

गेल्या महिन्यात वराळ्याहून एक बाई आली. पंचविशीची असेल. नवरा बैलगाडी घेऊन बाहेर थांबला होता. तिने सुईचं विचारलं, दुधाचं विचारलं. मी म्हटलं, रक्त पडतं? तिने दाराकडे पाहिलं.

"व्हय. पर त्यास्नी ठावं न्हाई. विहिरीचं काम काढलंया, तेवढं व्हऊ द्या. तुमी बोलू नका त्यास्नी."

हे खाटेवर पंचा पांघरून पडले होते. गुडघ्यावर हात टेकून उठले, बाहेर गेले. त्यांचा आवाज ऐकू आला, "बैल सोड रं जरा. आत ये, च्या पी." तो आत आला, टोपी हातात घेऊन. ह्यांनी त्याला तिच्या समोर बसवलं आणि स्वतः दाराशी बसले.

बाई माझ्याकडे रागाने बघत होती. तो राग मी ओळखते. मी तिच्या वतीने बोलले नाही. सांगायचं असेल तर तिनेच सांगायला हवं होतं. चहा उकळला, मी तो गाळला, दोघांपुढे कप ठेवले.

तिने कपाला हात लावला नाही. पदराचं टोक मुठीत धरलं.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "रगत पडतंया. तीन म्हैनं झालं."